दूध गेले, त्या जागी काय आले? व्हीगन आहाराच्या सुरुवातीचे एक प्रकरण

व्हीगन आहार, म्हणजे प्राण्यांपासून मिळणारे काहीही न खाण्याचा आहार, सुरू केल्यानंतर ११ आठवड्यांनी एक ३१ वर्षांच्या बाई माझ्याकडे सल्ल्यासाठी आल्या. बसल्या बसल्या त्यांनी विचारले, "हे मला झेपत नाही असे दिसते. सोडून देऊ का?" त्यांचे वजन ५६ किलोवरून ५२ किलोवर आले होते, दुपारी चारनंतर कामात लक्ष लागत नव्हते, पोट सतत फुगल्यासारखे वाटत होते आणि रात्री अंथरुणाला पाठ टेकल्यावर तळपायांना मुंग्या येत होत्या. घरच्यांचे निदान ठरलेले होते: दूध आणि अंडी सोडली, म्हणून हे झाले. मुंग्यांचा उल्लेख त्यांनी सर्वांत शेवटी, जाता जाता केला. माझ्या दृष्टीने मात्र तीच सर्वांत गंभीर तक्रार होती. आहारतज्ज्ञ म्हणून हे प्रकरण मी त्यांच्या संमतीने आणि ओळख पटेल असे तपशील वगळून मांडत आहे, कारण सुरुवातीला होणाऱ्या बऱ्याचशा चुका येथे एकाच ताटात पाहायला मिळतात आणि शिवाय त्यांच्या त्रासाचा एक मोठा भाग व्हीगन आहाराच्या आधीपासूनचा निघाला.

त्यांचा हेतू स्पष्ट होता आणि तो मला शेवटपर्यंत आदरणीय वाटला. प्राण्यांना आपल्या खाण्यासाठी त्रास होऊ नये, एवढेच त्यांचे म्हणणे होते. वजन कमी करणे किंवा त्वचा उजळणे असले काही त्यांच्या मनात नव्हते. म्हणूनच 'सोडून द्या' हा सल्ला त्यांना देणे सोपे असले तरी योग्य नव्हते. त्यांना आहार बदलायचा होता तो तत्त्वासाठी, आणि त्या तत्त्वाला धक्का न लावता प्रकृती सांभाळता येते की नाही, हे आधी तपासायला हवे होते.

सुरुवात कशी झाली होती

बाईंनी एका रविवारी निर्णय घेतला आणि सोमवारी सकाळपासून अमलात आणला. त्यापूर्वी त्या रोज दोन पेले दूध, एक वाटी दही आणि दोन अंडी घेत असत. आठवड्यातून दोनदा मासे आणि अधूनमधून चीज असे. सोमवारपासून हे सगळे एकदम थांबले.

त्यांनी सोबत एक वही आणली होती. ती उघडताच डावीकडच्या पानावर 'बंद' असा मथळा आणि त्याखाली बारीक अक्षरात ४० नोंदी दिसल्या: दूध, दही, लोणी, चीज, अंडी, मासे, मध, जिलेटिन, केसीन, व्हे, ई-१२०, ई-९०४ आणि पुढे बरेच काही. ई-१२० हा कोचिनील किड्यांपासून काढलेला लाल रंग आणि ई-९०४ म्हणजे लाखेच्या किड्यांपासून मिळणारे शेलॅक; केसीन आणि व्हे ही दुधातील प्रथिने; यादी अचूक होती, यात शंका नाही. उजवीकडच्या पानावर 'चालू' असा मथळा होता आणि त्याखाली फक्त सात नोंदी होत्या, त्यांपैकी दोन फळे होती. पुढचे नऊ महिने आम्ही जे काम केले, ते जवळजवळ सगळे या उजव्या पानावरचे होते.

वेष्टनावरचा मजकूर वाचण्यात नव्या माणसाची सर्वांत जास्त शक्ती खर्ची पडते आणि पोषणाच्या दृष्टीने त्यातून सर्वांत कमी मिळते, असे माझे मत या प्रकरणानंतर अधिक पक्के झाले. बाईंनी पहिल्या महिन्यात एका बिस्किटातील व्हे पावडर शोधून काढण्यासाठी अर्धी संध्याकाळ घालवली होती, पण दोन पेले दुधाच्या जागी आपण काय पितो आहोत, याचा हिशेब एकदाही मांडला नव्हता.

ताटाचा हिशेब

तो हिशेब आम्ही पहिल्या भेटीतच मांडला. दोन पेले म्हणजे सुमारे ४०० मिलिलिटर दूध, एक वाटी दही आणि दोन अंडी यांतून त्यांना रोज अंदाजे ५०० कॅलरी, ३० ग्रॅम प्रथिने आणि ७०० मिलिग्रॅमच्या आसपास कॅल्शियम मिळत होते. दुधाच्या जागी त्यांनी तेवढेच बदामाचे पेय सुरू केले होते. नावामुळे ते पौष्टिक वाटते, परंतु बाजारात मिळणाऱ्या अशा बहुतेक पेयांत बदामाचे प्रमाण फारच थोडे आणि पाणीच अधिक असते. त्यांच्या ४०० मिलिलिटरमधून जेमतेम दोन ग्रॅम प्रथिने आणि शंभराच्या आतच कॅलरी मिळत होत्या. वेष्टनावर कॅल्शियम मिसळल्याचा उल्लेखही नव्हता. दह्याची आणि अंड्यांची जागा तर काकडी, पालेभाज्या आणि फळे यांनी घेतली होती, म्हणजे ताट भरलेले दिसत होते आणि पोटही भरत होते, परंतु ऊर्जा मिळत नव्हती. माशांच्या जागी काहीच आले नव्हते.

रोज साधारण ४०० कॅलरींची ही तूट ११ आठवडे चालली, तर तिचा एकूण आकडा ३० हजारांच्या पुढे जातो, आणि शरीरातील एक किलो चरबीमागे ढोबळमानाने ७७०० कॅलरी धरल्या, तर चार किलो वजन का घटले याचे उत्तर तेथेच मिळते. त्यासाठी कोणत्याही गूढ कारणाची गरज नव्हती. दुपारी चारनंतरची मरगळही बरीचशी उपासमारीची होती. त्यांना ती अशक्तपणाची वाटत होती, कारण जेवण तर दोन्ही वेळा पोटभर झालेले असायचे. वनस्पतीजन्य अन्न पाणी आणि तंतूंमुळे आकाराने मोठे असते, त्यामुळे नव्याने सुरुवात करणारा माणूस पोट भरले की थांबतो आणि गरजेपेक्षा कमी खातो. हे त्यांना कोणी सांगितले नव्हते.

घरच्यांचा प्रथिनांविषयीचा आग्रह पूर्ण चुकीचा नव्हता. प्रौढ व्यक्तीला शरीराच्या प्रत्येक किलो वजनामागे ०.८ ग्रॅम प्रथिने लागतात, म्हणजे ५६ किलोसाठी सुमारे ४५ ग्रॅम. वनस्पतीजन्य प्रथिनांची पचनीयता थोडी कमी असल्याने मी ५५ ग्रॅमचे लक्ष्य ठरवले. बाईंच्या आठवडाभराच्या नोंदींवरून त्यांना ३५ ग्रॅमच्या आसपास मिळत होती. तूट होती, पण ती भरून काढायला अवघड अजिबात नव्हती. धान्यांत लायसिन हे अमिनो आम्ल कमी असते आणि कडधान्यांत ते भरपूर असते. दोन्ही प्रकार दिवसभरात पोटात गेले की पुरते, एकाच घासात ते जुळवण्याची आवश्यकता नाही. बाईंच्या ताटात धान्य होते, कडधान्य मात्र आठवड्यातून दोनदाच, आणि तेही का, हे पुढे येईलच.

मुंग्यांचे कारण

तळपायांच्या मुंग्यांमुळे मी त्यांना त्याच दिवशी त्यांच्या डॉक्टरांकडे पाठवले. रक्ततपासणीत हिमोग्लोबिन ११.६, म्हणजे १२ या खालच्या मर्यादेच्या किंचित खाली आले. लोहाचा साठा दाखवणारे फेरिटिन ११ होते, म्हणजे साठा जवळजवळ रिकामा होता. बी-१२ जीवनसत्त्व मिलिलिटरमागे १९० पिकोग्रॅम भरले. हा आकडा संशयास्पद पट्ट्यातला असल्याने डॉक्टरांनी मिथिलमेलोनिक आम्लाची (बी-१२ कमी पडले की हे आम्ल शरीरात साचते) तपासणी करून घेतली आणि ते वाढलेले निघाले. म्हणजे पेशींना बी-१२ खरोखरच कमी पडत होते.

आता प्रश्न असा की ११ आठवड्यांत हे घडू शकते का. बी-१२ चा साठा मुख्यतः यकृतात असतो आणि निरोगी माणसात तो दोन ते पाच मिलिग्रॅमपर्यंत असतो, तर रोजची गरज जेमतेम २ ते ४ मायक्रोग्रॅमची असते. त्यामुळे अन्नातून बी-१२ पूर्ण थांबले तरी साठा संपायला सहसा काही वर्षे लागतात. दूध-अंडी सोडून तीन महिनेही न झालेल्या व्यक्तीत ही कमतरता दिसते, तेव्हा ती आधीपासून हळूहळू तयार होत आलेली असते. बाईंना मी औषधांविषयी विचारले तेव्हा त्यांनी सांगितले, "औषध असे काही नाही, फक्त आम्लपित्ताची गोळी घेते." ती गोळी त्या तीन वर्षांपासून रोज घेत होत्या. अन्नातील बी-१२ प्रथिनांना चिकटलेले असते आणि ते सुटे करण्यासाठी जठरातील आम्ल लागते. आम्ल तयार होणेच कमी करणारी गोळी दीर्घकाळ घेतल्यास हे सुटे होण्याचे काम मंदावते आणि दूध-अंडी खाऊनही बी-१२ पुरेसे शोषले जात नाही. कमतरता दूध पीत असतानाच सुरू झाली होती, व्हीगन आहाराने उरलासुरला पुरवठाही बंद केला आणि त्याच सुमारास लक्षणे उघडी पडली.

या ठिकाणी थोडे थांबून सांगावेसे वाटते, कारण या एका जीवनसत्त्वाविषयीचे गैरसमज मला सर्वांत जास्त अस्वस्थ करतात. बी-१२ वनस्पती तयार करत नाहीत आणि प्राणीही करत नाहीत; ते सूक्ष्मजीव तयार करतात. बाई रोज एक चमचा स्पिरुलिना पाण्यात घालून घेत होत्या, कारण त्यात बी-१२ असते असे त्यांनी कोठेतरी वाचले होते. स्पिरुलिनात आढळणारा प्रकार बहुतांशी मानवी शरीराला न वापरता येणारा असतो, त्यामुळे त्यावर विसंबणारा माणूस आपण काळजी घेतली आहे या भ्रमात राहतो. दुसरी अडचण अशी की पालेभाज्या आणि कडधान्ये यांतून फोलेट हे ब गटातलेच दुसरे जीवनसत्त्व भरपूर मिळते, आणि फोलेट भरपूर असले की बी-१२ च्या कमतरतेमुळे होणारा रक्तक्षय झाकला जाऊ शकतो, मज्जातंतूंची हानी मात्र आतल्या आत चालूच राहते. ती हानी फार काळ राहिली तर पूर्ण भरून येतेच असे नाही. म्हणून मुंग्या, बधिरपणा, चालताना तोल जाणे अशा तक्रारी 'सवय होईल' म्हणून सोडून देऊ नयेत.

डॉक्टरांनी रोज १००० मायक्रोग्रॅमची गोळी सुरू केली. हा आकडा पाहून बाई घाबरल्या. शरीराची मुख्य शोषणव्यवस्था एका वेळी दीड ते दोन मायक्रोग्रॅमपर्यंतच काम करते, त्यापलीकडच्या मात्रेतून केवळ एक टक्क्याच्या आसपास आपोआप झिरपते, म्हणून कमतरता भरून काढायला एवढी मोठी मात्रा लागते, हे समजावल्यावर त्यांची भीती गेली. गोळीतील बी-१२ सुटेच असते, त्याला आम्लाची गरज लागत नाही. शिवाय ते जिवाणूंच्या किण्वनातून बनवले जाते, त्यामुळे त्यांच्या तत्त्वालाही बाधा येत नव्हती. कमतरता नसलेल्या व्हीगन व्यक्तीला रोज किमान १० मायक्रोग्रॅम किंवा आठवड्यातून एकदा २००० मायक्रोग्रॅम अशी गोळी पुरते, किंवा मग बी-१२ मिसळलेले पदार्थ दिवसातून दोन-तीन वेळा खाऊन किमान तीन मायक्रोग्रॅम मिळवावे लागते. हा सल्ला व्हीगन सोसायटी स्वतःच देते, आणि ज्या संस्थेने १९४४ मध्ये इंग्लंडमध्ये 'व्हीगन' हा शब्द रूढ केला तिनेच गोळीची गरज इतक्या स्पष्टपणे मान्य करावी, याला माझ्या दृष्टीने मोठे महत्त्व आहे.

काय बदलले आणि कोणत्या क्रमाने

सगळे एकदम सुधारण्याचा मोह आम्ही टाळला. पहिल्या पंधरवड्यात फक्त ऊर्जा आणि प्रथिने यांकडे पाहिले. बदामाच्या पेयाच्या जागी कॅल्शियम मिसळलेले, साखर नसलेले सोयाचे दूध आले. त्याच ४०० मिलिलिटरमधून १३ ग्रॅमच्या आसपास प्रथिने मिळू लागली. अंड्यांच्या जागी सकाळी टोफू (सोयाच्या दुधाचे पनीर), दुपारच्या जेवणात थोडे शिजवलेले मसूर आणि चारच्या सुमारास दोन चमचे शेंगदाण्याचे लोणी लावलेला पाव, एवढेच बदल होते. चारची मरगळ दहा दिवसांत गेली. मधल्या काळात त्यांनी स्वतःहून व्हीगन चीज आणले होते. ते बहुतेक वेळा खोबरेल तेल आणि स्टार्च यांचे असते, चवीला असू द्यावे पण दुधाच्या चीजच्या जागी प्रथिने म्हणून मोजू नये, असे मी सुचवले.

कडधान्ये त्या आठवड्यातून दोनदाच का खात होत्या, याचे कारण पोटफुगी हे होते. पहिल्याच आठवड्यात त्यांनी मोठा वाडगाभर राजमा खाल्ला होता आणि दोन दिवस त्रास सोसल्यावर कडधान्यांची धास्तीच घेतली होती. आतड्यांतील जिवाणूंना जास्त तंतूंची सवय व्हायला काही आठवडे लागतात. आम्ही दोन मोठ्या चमच्यांपासून सुरुवात केली, तीही सोललेल्या मसुराने, आणि दर चार-पाच दिवसांनी थोडे वाढवले. मोठी कडधान्ये रात्रभर भिजवून, ते पाणी टाकून, नव्या पाण्यात शिजवायची. राजमा असेल तर किमान दहा मिनिटे खळखळून उकळायचाच, कारण कच्च्या किंवा अर्धवट शिजलेल्या राजम्यातील लेक्टिन या प्रथिनाने उलट्या होतात. पाचव्या आठवड्यात त्या वाटीभर कडधान्य रोज पचवू लागल्या.

लोहाच्या बाबतीत ताटातील लोह कमी नव्हते, ते शोषले जात नव्हते. दोन्ही जेवणांवर लगेच कप भरून चहा घेण्याची त्यांची सवय होती आणि चहातील पॉलिफिनॉल्स वनस्पतीजन्य लोहाला बांधून ठेवतात. चहा जेवणानंतर तासाभराने पुढे ढकलला आणि जेवणात लिंबू, टोमॅटो किंवा ढोबळी मिरची यांपैकी काहीतरी ठेवले, कारण क जीवनसत्त्वाने हेच शोषण वाढते. डॉक्टरांनी दिलेली लोहाची गोळी कॅल्शियमयुक्त सोयाच्या दुधाबरोबर न घेता वेगळ्या वेळी घ्यायची ठरली.

कॅल्शियमविषयीचा एक प्रसंग मला विसरता येत नाही. तिसऱ्या भेटीला बाई सोयाच्या दुधाचा रिकामा खोका कापून घेऊन आल्या. कचऱ्यात टाकण्यापूर्वी तो सपाट करताना त्यांना तळाशी पांढरा, खडूसारखा थर दिसला होता आणि दूध नासले असावे अशी त्यांना शंका आली होती. तो थर कॅल्शियमचा होता. मिसळलेले कॅल्शियम तळाशी बसते, त्यामुळे खोका प्रत्येक वेळी चांगला हलवावा लागतो. मी हे त्यांना पहिल्याच भेटीत सांगायला हवे होते, ते राहून गेले होते, आणि सहा आठवडे त्यांच्या कॅल्शियमचा बराच भाग खोक्याच्या तळाशी राहिला. पालकातून भरपाई होईल या समजुतीत त्या होत्या, पण पालकातील ऑक्झॅलेटमुळे त्यातले कॅल्शियम अवघे पाच टक्क्यांच्या आसपास शोषले जाते. ब्रोकोली किंवा केल ही पालेभाजी यांतून ते कितीतरी चांगले मिळते. हाडांचा विषय मी हलक्यात घेत नाही. ब्रिटनमधील सुमारे ५५ हजार लोकांचा दीर्घकाळ पाठपुरावा करणाऱ्या एपिक-ऑक्सफर्ड अभ्यासाच्या २०२० मध्ये प्रसिद्ध झालेल्या निष्कर्षांत व्हीगन गटात अस्थिभंगाचा धोका मांसाहारी गटापेक्षा ४३ टक्क्यांनी जास्त आढळला होता, आणि शरीराचे वजन, कॅल्शियम व प्रथिने यांचा विचार केल्यावर तो फरक कमी झाला तरी पूर्ण नाहीसा झाला नव्हता. चार किलो वजन गमावलेल्या, कॅल्शियम आणि प्रथिने दोन्ही कमी घेणाऱ्या बाईंना हे सांगणे माझे कर्तव्य होते.

याच भेटीत आणखी एक गोष्ट उघड झाली. डॉक्टरांनी पूर्वी दिलेली ड जीवनसत्त्वाची कॅप्सूल त्यांनी जिलेटिनच्या वेष्टनामुळे आणि आतील डी-३ मेंढीच्या लोकरीतील चरबीपासून बनते म्हणून कोणाला न विचारता बंद केली होती. व्हीगन सोसायटीच्या व्याख्येत 'शक्य आणि व्यवहार्य असेल तितके' असे शब्द आहेत आणि ते अशाच प्रसंगांसाठी आहेत. पर्याय सापडेपर्यंत औषध चालू ठेवायचे, हे मी त्यांना आग्रहाने सांगितले. औषधविक्रेत्याने चौकशी करून दगडफुलापासून बनवलेल्या डी-३ ची गोळी आठवड्याभरात मिळवून दिली.

आयोडीन मात्र माझ्या नजरेतून निसटले होते. दूध, अंडी आणि मासे हे त्यांचे आयोडीनचे मुख्य स्रोत एकदम गेले होते, आणि त्यातच 'नैसर्गिक' म्हणून त्यांनी आयोडीन नसलेले खडेमीठ वापरायला घेतले होते. प्रौढाला रोज १५० मायक्रोग्रॅम आयोडीन लागते. आयोडीनयुक्त मीठ परत आणणे एवढाच उपाय होता. समुद्री शेवाळाच्या गोळ्या घेऊ का, असे त्यांनी विचारले, त्यावर मी नको म्हटले, कारण त्यांतील आयोडीनचे प्रमाण फार कमीजास्त असते आणि अतिरेकही थायरॉइडला बाधतो. ओमेगा-३ साठी रोज एक मोठा चमचा जवस सुरू झाले, दळून, कारण अख्खे जवस बरेचसे न पचताच बाहेर पडते. शरीर त्यातून डीएचए हा माशांतून मिळणारा ओमेगा-३ चा प्रकार फार थोडा बनवते, म्हणून इच्छा असल्यास शेवाळाच्या तेलाची कॅप्सूल घेता येते. ती घ्यायची की नाही हे बाईंनी अजून ठरवलेले नाही.

सध्याची स्थिती

पहिल्या भेटीनंतर तीन महिन्यांनी वजन ५४.३ किलो, हिमोग्लोबिन १२.३ आणि फेरिटिन २४ होते. मिथिलमेलोनिक आम्ल नेहमीच्या मर्यादेत आले होते. मुंग्या उजव्या पायाच्या पूर्ण गेल्या, डाव्या अंगठ्याजवळ किंचित राहिल्या होत्या, त्याही सहाव्या महिन्यापर्यंत थांबल्या. आम्लपित्ताची गोळी डॉक्टरांनी हळूहळू कमी करून बंद केली. सहाव्या महिन्यात वजन ५५ किलोवर स्थिरावले. घरातील जेवण एकाच वेळी दोन प्रकारचे करावे लागण्याचा ताण मात्र कायम आहे आणि त्यावर मला समाधानकारक तोडगा सुचलेला नाही; सध्या रात्रीचे जेवण सगळ्यांसाठी कडधान्याचे करायचे आणि इतरांनी हवे ते वरून घ्यायचे, अशी तडजोड चालू आहे.

नवव्या महिन्यातील भेटीत बाईंनी पुढील वर्षी बाळाचा विचार असल्याचे सांगितले. गरोदरपणात बी-१२, आयोडीन, लोह आणि कोलीन या चारही गोष्टींची गरज वाढते, म्हणून त्याआधी फेरिटिन ३० च्या वर नेणे हे आमचे पुढचे काम आहे. पुढील तपासणीतही ते तेथवर पोहोचले नाही, तर मासिक पाळीतील रक्तस्रावाची डॉक्टरांकडून स्वतंत्र तपासणी करून घ्यायची, असे आम्ही दोघींनी मिळून वहीच्या उजव्या पानावर लिहून ठेवले आहे.